सही कुणाची?

"वहिनी, त्या माणसाला शोधणं आधी बंद करा," अण्णा म्हणाले. एका हातात पाण्याचा पाइप, दुसऱ्या हातानं कुंपणावरची गोकर्ण बाजूला केलेली. अण्णांनी गोकर्ण बाजूला केली की बोलणं लांबतं. मी आत जाऊन आमटीखालचा गॅस बंद करून आले.

विषय मीच काढला होता. आमच्या दिवाळी अंकाच्या जाहिराती माझ्याकडे असतात. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. संपादकबाई त्यामुळे निवांत आहेत. पण जाहिरातवालीला अधिक महिन्याची सवलत नसते. आषाढात रेट कार्ड धाडायचं, श्रावणात आठवण करायची, गणपतीत हातापाया पडायचं आणि पितृपंधरवड्यात "आता नवीन काही ठरवत नाही" हे ऐकून घ्यायचं.

एका मोठ्या कंपनीचं मलपृष्ठ आमच्याकडे ठरलेलं असायचं. नाव सांगत नाही, अण्णांचे दोस्त अजून तिथे नोकरीत आहेत. तिथले साहेब एका फोनवर हो म्हणायचे. यंदा फोन लावला तर कुणी वेगळ्याच बाई. म्हणाल्या, "ते व्हर्टिकल आता आमच्याकडे नाही." मग कुणाकडे? "रिस्ट्रक्चरिंग चालू आहे, मॅडम."

"'चालू आहे' म्हणजे त्यांनाही माहीत नाही," अण्णा म्हणाले. निवृत्त होईपर्यंत ते चिंचवडच्या एका कारखान्यात परचेसला होते, त्यामुळे टेलिफोनवरच्या माणसाला काय माहीत असतं आणि काय नसतं, यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. "साहेब गेले, मान्य. पण साहेब जाहिरात स्वतःच्या खिशातून देत होते का? त्यांची सही होती, एवढंच. ती सही आता कुणाकडे गेली ते काढा. माणूस आपोआप सापडेल."

"सहीचा पत्ता कुठे मिळतो?"

"वाटणीच्या कागदात. कंपनी फुटली काय आणि घर फुटलं काय, शेत कुणाला, विहीर कुणाला, बांधावरची वाट कुणाची, सगळं लिहून ठेवलेलं असतं. वाचत कुणी नाही, आणि मग बांधावर भांडतात."

ते खरंच होतं. मी त्या कंपनीच्या साइटवर 'संपर्क'पर्यंत गेले होते. तिथे एक फॉर्म होता. तो भरला की आभार मानणारी ओळ येते आणि पुढे कधीच काही येत नाही.

अण्णांनी पाइप पेरूच्या आळ्यात सोडला. "आपल्या दारातलीच गोष्ट घ्या. गेल्या वर्षी टाटा मोटर्सची वाटणी झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून ट्रक-टेम्पो एका कंपनीत आणि मोटारी दुसऱ्या कंपनीत. आता सांगा, 'टाटा मोटर्स लिमिटेड' हे नाव कुणाला मिळालं?"

"मोटारींना असणार. जाहिराती तर त्यांच्याच दिसतात."

"चूक! ते गेलं ट्रकवाल्यांकडे. मोटारींची कंपनी झाली टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स लिमिटेड. आणि गंमत पुढेच आहे. जुनी कंपनी, आपली टेल्को, १९४५ सालची, ती कायद्यानं कुठली? मोटारींची! ट्रकवाली कंपनी २०२४ साली नव्यानं नोंदवलेली. आधी तिचं नाव वेगळं होतं, मग तिला टाटा मोटर्स म्हणू लागले. नोव्हेंबरात ती शेअर बाजारात आली. म्हणजे पिंपरीत अख्खं आयुष्य ट्रक बनवलेला आमचा मित्र परवा म्हणतो, मी जिथे राबलो ती कंपनी नेमकी कुठली, ते मला आता मुलाला विचारावं लागतं."

"आणि एखादीनं 'टाटा मोटर्स लिमिटेड' असं लिहून मोटारींच्या जाहिरातीसाठी पत्र टाकलं, तर?"

"पत्र ट्रकवाल्यांच्या आवकमध्ये पडणार. तिथला माणूस ते वाचणार, 'आपलं नाही' म्हणणार आणि ट्रेमध्ये ठेवणार. नकार आला असं तुम्हाला वाटणार. नकार द्यायला आधी पत्र योग्य टेबलावर पोचायला हवं ना!"

एवढ्यात माई बाहेर आल्या. हातात विळी आणि गवारीची चाळण. त्या पायरीवर बसल्या की अण्णांचा आवाज अर्ध्या पट्टीनं खाली येतो.

"आणि हे काही नवीन नाही," अण्णा हळू आवाजात पुढे म्हणाले. "आकुर्डीत बजाज ऑटोचं २००८ साली असंच झालं. मूळ कंपनी झाली बजाज होल्डिंग्ज, आणि बजाज ऑटो हे नाव दुसऱ्याच कंपनीला दिलं, जिच्याकडे गाड्यांचा धंदा गेला. फायनान्सचा भाग बजाज फिनसर्वमध्ये. धंदा जिकडे जातो तिकडे लोकांच्या तोंडातलं नाव जातं. जुना नोंदणी क्रमांक मात्र मूळ घरातच राहतो. म्हणून नावावर जाऊ नका, क्रमांकावर जा."

"कुठला क्रमांक?"

"कंपनीचा सीआयएन. एकवीस अक्षरं-आकडे असतात. त्यात राज्य असतं, आपलं एमएच, आणि स्थापनेचं सालही असतं. कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक पत्रावर, बिलावर तो छापावाच लागतो, सोबत नोंदणीकृत पत्ता, फोन, ईमेल. आणि नाव बदललं असेल तर दोन वर्षं जुनं नावही नव्याबरोबर लावावं लागतं, दारावरच्या पाटीवरसुद्धा. तुमच्याकडे त्या कंपनीचं गेल्या वर्षीचं पत्र आहे ना? आणि यंदाचं कुठलं तरी मिळवा. दोन्ही शेजारी ठेवा. अर्धं कोडं तिथेच सुटतं."

माई गवार निवडता निवडता म्हणाल्या, "हे सगळं बँकेच्या वेळेला कुठे होतं? देना बँकेचं माझं खातं बडोदा बँकेत गेलं, तर तुम्ही जुनंच चेकबुक घेऊन फिरत होतात."

"ते २०१९!" अण्णा म्हणाले. "एक एप्रिलला देना आणि विजया दोन्ही बँक ऑफ बडोदात गेल्या. पुढच्याच एप्रिलला आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये."

ती यादी मला पाठ आहे, कारण त्यातल्या कितीतरी बँका आमच्या अंकात अर्धं पान द्यायच्या. अंक काढणाऱ्याच्या बाजूनं बँकांचं विलीनीकरण म्हणजे काय, तर चार शुभेच्छांच्या जागी एक. दोन बँकांचं बजेट एकत्र झालं म्हणून दुप्पट जाहिरात कुणी दिलेली मी पाहिली नाही. आणि निर्णय जिथे व्हायचा ते विभागीय कार्यालयच दुसऱ्या गावी हलतं. माझा मावसभाऊ चिपळूणला एक अंक काढतो. त्याला विदर्भ कोकण ग्रामीण बँकेची जाहिरात मिळायची. १ मे २०२५ ला ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला. शाखा तीच, शाखेतले लोक तेच, चहासुद्धा तोच. पण मॅनेजर म्हणतात, "आता वरून विचारावं लागेल." हे 'वर' पूर्वी नागपूरला होतं. दिशाच बदलली.

"मग त्यानं काय केलं?" अण्णांनी विचारलं.

"शाखेतूनच प्रस्ताव पाठवायला लावला. यानं परस्पर संभाजीनगरला पाठवला असता तर तो उपरा. शाखेच्या पत्रासोबत गेला तो घरचा झाला."

"शहाणा आहे तुमचा भाऊ. आता तुम्ही सांगा. ही जाहिरात कंपनीच्या कुठल्या खात्यातून यायची?"

"मार्केटिंगमधून. साहेब मार्केटिंगचेच होते."

"साहेबांच्या कार्डावर मार्केटिंग असेल. मी विचारतोय पैसा कुठल्या खात्याचा. आरओवर काय लिहिलं होतं?"

आरओ म्हणजे रिलीज ऑर्डर. आमच्या धंद्यात तोंडी होकाराला कुणी विचारत नाही, आरओ हातात आला की जाहिरात आली. मी मोबाइलमधला जुना आरओ उघडून बघितला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स.

"बघा!" अण्णांना इतका आनंद झाला की पेरूच्या आळ्यातलं पाणी जास्वंदीपर्यंत वाहत गेलं ते त्यांना दिसलंही नाही. "ब्रँडवाल्यांचं काम साबण, स्कूटर, जो काही माल असेल तो विकण्याचं. त्यांना हिशेब लागतो, शंभर रुपये टाकले तर किती गिऱ्हाइकं आली. दिवाळी अंकातल्या मलपृष्ठाचा असा हिशेब कुणी देऊ शकत नाही. ते पैसे नावलौकिकाच्या खात्यातून सुटतात. साहेब मार्केटिंगचे होते खरे, पण तुमचं काम ते शेजारच्या खात्याकडून करून घेत होते. त्यांचं व्हर्टिकल गेलं. शेजारचं खातं कशाला जाईल?"

मी गप्पच झाले. इतकी वर्षं तो कागद माझ्याकडे होता.

"एकूण चार दारं असतात," अण्णा चिखलातून चप्पल सोडवत म्हणाले. "एक ब्रँड, दुसरं कॉर्पोरेट कम्युनिकेशन, तिसरं विभागीय विक्री कार्यालय, चौथं डीलर. डीलरला विसरू नका. चिंचवडच्या शोरूमवाल्यानं स्थानिक जाहिरात दिली तर बऱ्याच कंपन्या त्यातला वाटा उचलतात. वर कितीही उलथापालथ होवो, दुकान जागेवरच असतं. आणि कुठल्या बाईंना अलीकडे कुठे बसवलंय, हे मुख्य कार्यालयाच्या रिसेप्शनपेक्षा डीलरला आधी कळतं. त्याला रोज त्यांच्याशीच भांडायचं असतं."

"एजन्सीचं काय? मी मुंबईच्या एजन्सीलाही मेल टाकला होता. तो परत आला."

"का परत आला?"

हे मात्र मला अण्णांपेक्षा जास्त माहीत आहे. कंपन्या फुटतायत, तशा जाहिरात एजन्सी एकमेकींत विरघळतायत. जे. वॉल्टर थॉम्प्सनचं २०१८ मध्ये वंडरमन थॉम्प्सन झालं, पुढे त्याचंही व्हीएमएल. ग्रुपएमला मे २०२५ पासून डब्ल्यूपीपी मीडिया म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑम्निकॉमनं इंटरपब्लिक अख्खी घेतली आणि लगोलग डीडीबी, एफसीबी, मुलनलो ही जगभरची नावं मिटवायचं ठरवलं. आपल्याकडे त्यांच्या शेपटाला मुद्रा, उल्का आणि लिंटास लागलेल्या. लिंटास तर मुळात लिव्हरच्या घरातली एजन्सी, आणि उल्का १९६१ सालची, मुंबईत जन्मलेली. जुन्या दिवाळी अंकांच्या हिशेबाच्या वह्यांत ही नावं पानोपानी सापडतील.

"म्हणजे माणूस गेला नसेल, मेलचा शेवटचा तुकडा बदलला असेल," अण्णा म्हणाले.

"तेही असेल. आणि दुसरं म्हणजे जाहिरात बनवणारी एजन्सी वेगळी, जागा विकत घेणारी वेगळी. बनवणाऱ्यांना अंकाचं कौतुक सांगून उपयोग नाही, ते फक्त आर्टवर्क पाठवतात. जागा घेणाऱ्यांमध्ये मराठी छापील माध्यमं कोण बघतं ते विचारावं लागतं. तो बहुतेक वेळा अगदी तरुण मुलगा असतो, आणि दिवाळी अंक म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते."

"सांगायचं मग!" माई म्हणाल्या. "१९०९ पासून निघतात म्हणावं."

खरं आहे. 'मनोरंजन' मासिकाच्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. त्या मुलाला मी हे सांगितलं की तो म्हणतो, "वॉव. डिजिटल एडिशन आहे का?"

"आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं," अण्णांनी एकदाचा नळ बंद केला. "सही मिळाली, होकार मिळाला, अंक छापला. बिल कुणाच्या नावानं करणार?"

"कंपनीच्या."

"कुठल्या? जुन्या की नव्या? जीएसटी क्रमांकात पंधरा अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७. पुढची दहा म्हणजे कंपनीचा पॅन. वाटणीत नवी कंपनी झाली की पॅन नवा, म्हणून जीएसटी क्रमांकही नवा. तुम्ही गेल्या वर्षीचं बिल उघडून नुसती तारीख बदललीत, तर जाहिरात नव्या कंपनीची आणि बिल जुन्या कंपनीवर. जुनी म्हणणार आम्ही छापून घेतलं नाही, नवी म्हणणार आमच्या नावानं बिल नाही. दोन्ही बरोबर! आणि नव्या कंपनीत तुमचा व्हेंडर कोडही नसणार. पुन्हा पॅनची प्रत, रद्द केलेला चेक, सगळं पहिल्यापासून. म्हणून आरओ घेतानाच विचारायचं: बिल कुणाच्या नावे, जीएसटी क्रमांक कुठला, व्हेंडर नोंदणी कुणाकडे. हे तीन प्रश्न विचारलेत की समोरचा तुम्हाला सरळ अकाउंट्सच्या माणसाचा नंबर देतो. आणि अकाउंट्सच्या माणसाला सगळं माहीत असतं. मोठ्या साहेबांची खुर्ची हलते, बिलं पास करणारा सहसा तिथेच असतो."

"आणि मार्केटिंगचा प्रमुखच बदलला असेल तर?"

"लिस्टेड कंपनी असेल तर वरच्या फळीतला बदल शेअर बाजाराला कळवावा लागतो. बीएसईच्या साइटवर घोषणा असतात, वार्षिक अहवालातही वरिष्ठ अधिकाऱ्यांची यादी असते. पण ते फार वरचे. तुमच्या मलपृष्ठासाठी त्यांना गाठू नका. वरून खाली आलेला कागद खालच्यांना आवडत नाही."

मला वाटलं, झालं. पण माईंनी चाळण बाजूला ठेवली. "तुमच्या त्या साहेबांचं आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"अगं, ते इथेच चिंचवडगावात राहतात. त्यांची बायको आमच्या भजनी मंडळात आहे. टाळ छान वाजवते."

अण्णांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू अर्ध्या तासाचं व्याख्यान कुणी रद्दीत घातलंय.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत होतात ना." माई माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणला. "त्यांना काढलं नाही हं. वाटणी झाल्यावर त्यांना दोन्हीकडे जागा देत होते, पण बदली गुजरातला. मुलीची बारावी. मग व्हीआरएस घेतली. पहिले दोन महिने सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे म्हणे, सोसायटीत कळू नये म्हणून. बागेत जाऊन बसायचे. आता एका लहान कंपनीला सल्ला देतात. बरं चाललंय."

मला एकदम कसंसंच झालं. ज्या फोनवर मी "साहेब, यंदा लवकर कळवा हं" म्हणायचे, तो फोन मी यंदा सगळ्यात आधी लावला होता, तोही लँडलाइनवर, त्यांच्या खुर्चीला. त्या माणसाची चौकशी मला सुचलीच नव्हती.

"मग लावू का त्यांना फोन?"

"जाहिरातीसाठी नको," अण्णा आणि माई एकदमच म्हणाले.

"सहज लाव," माई पुढे म्हणाल्या. "गेल्या वर्षीचा अंक पोचला होता का, वाचला का, विचार. ते आपणहून सांगतील. त्यांच्या हाताखालची ती मुलगी, जी तुला दरवर्षी 'व्हाउचर कॉपी अजून आली नाही' म्हणून छळायची ना? ती आता तुझ्या त्या कॉर्पोरेट का काय खात्यात मोठी झाली आहे. मुंबईला. त्यांच्या बायकोनंच सांगितलं, साहेबांनी शिकवलेली म्हणून."

छापलेल्या जाहिरातीची प्रत पुरावा म्हणून मागणारी ती मुलगी मला चांगली आठवत होती. तिच्या मेलला मी दरवेळी आठवडाभर उत्तर देत नसे. चार दारं, एकवीस अक्षरं आणि कलम १२ ओलांडून सही जाऊन बसली होती तिच्या टेबलावर.

"नंबर आहे का तिचा, माई?"

"आहे. पण तिला विचारल्याशिवाय देणार नाही. साहेबांचाही त्यांच्या बायकोला विचारून देईन. माणसाचा नंबर म्हणजे काय ताकाचं भांडं आहे, कुणीही उचलून न्यावं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पण लवकर विचारा. श्रावण संपायच्या आत."

"ती बघा, गेल्या वर्षी फक्त मुलगी होती," अण्णा आता तत्त्वज्ञानावर आले होते. "कंपनीत काहीही उलथलं ना, की वरचे जातात आणि मधले वर सरकतात. म्हणून मधल्यांच्या मेलला वेळेवर उत्तर द्यावं. आम्ही परचेसवाले हे पक्कं जाणून होतो. शिपायाला, स्टोअर्सच्या पोराला, सगळ्यांना दिवाळीला—"

"अण्णा," मी त्यांना तिथेच धरलं, "आपल्या अंकात प्राधिकरणातल्या रहिवाशांच्या शुभेच्छांची पानं आहेत. पाव पान तुमचं लिहू का? परचेसमधल्या जुन्या सहकाऱ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा, तुमच्या नावानं. शोभून दिसेल."

अण्णांनी पाइपची गुंडाळी करायला घेतली. पाव पानाचा दर विचारला. मी सांगितला. त्यांनी अंकाचा खप विचारला. मी तोही सांगितला, थोडा वाढवून. त्यांनी गेल्या वर्षीचा दर विचारला, सवलत विचारली, रोख दिले तर किती कमी होतील ते विचारलं. निवृत्त झाला तरी परचेसचा माणूस तो परचेसचाच. शेवटी म्हणाले, "तत्त्वतः हरकत नाही. पण बजेट बघावं लागेल, वहिनी."

आता मला शिकवण्याची गरज उरली नव्हती. मी अण्णांना सोडून सरळ माईंकडे वळले. "माई, पाव पान की अर्धं?"

"अर्धं," माई म्हणाल्या. "आणि बिल माझ्या नावानं कर."